यंदा माळावर खड्डे खणू नका: महाराष्ट्राच्या वनखात्याला खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबलप्रमुख), नागपूर

सप्रेम नमस्कार.

मार्च सरत आला की राज्यभर वृक्षलागवडीच्या उद्दिष्टांची पत्रे फिरू लागतात. तालुक्याला इतके लाख, ग्रामपंचायतीला इतके हजार, शाळांना वेगळे, पोलिसांना वेगळे, कृषी खात्याला वेगळे. मे महिन्यात जेसीबी माळावर चढतो, जूनमध्ये रोपवाटिकांतून ट्रॅक्टर निघतात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोटो येतात. यंदाचे खड्डे खणायच्या आत हे पत्र आपल्या टेबलावर पोहोचावे, म्हणून लिहीत आहे.

मागणी आधीच सांगतो. वनीकरणाचे यश लावलेल्या रोपांच्या संख्येवर मोजणे थांबवा. कोणती जमीन, कोणाच्या देखरेखीत, किती वर्षे राखली गेली आणि तिथे काय उगवून आले, यावर ते मोजा. माझ्या बाकीच्या सगळ्या मागण्या यातूनच निघतात.

पर्जन्यछायेतले माळ, मावळातले डोंगर आणि कोकणातली खासगी राने यांत मी बरीच वर्षे हिंडतो आहे. वनसमित्यांच्या बैठकांना बसलो आहे, लागवडीची ठिकाणे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिली आहेत. झाडे हवीत, पुष्कळ हवीत, याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. म्हणूनच दरवर्षी त्याच चुकीवर खर्च होणारा पैसा आणि त्याहून मोलाची माणसांची उमेद वाया जाताना बघवत नाही.

लागवडीचा उत्सव आपल्याकडे जुना आहे. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना वनमहोत्सव सुरू झाला. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, आलेल्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वने असावीत असे ध्येय ठेवले, आणि १९८८ च्या नीतीने ते पुढे चालू ठेवले. आज तो ३३ टक्क्यांचा आकडा प्रत्येक राज्याच्या, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्याही माथी मारला जातो. मूळ दस्तऐवज मात्र संपूर्ण देशाबद्दल बोलत होता. १९५२ च्या नीतीत तर डोंगराळ भागात ६० टक्के आणि सपाट प्रदेशात २० टक्के असा भेद सरळ लिहिलेला होता. तो भेद वाटेत कुठेतरी गळाला.

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार ७०० चौरस किलोमीटर. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीप्रमाणे त्यातले सुमारे साडेसोळा टक्के वनाच्छादित आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे, तर सोलापूर आणि लातूरमध्ये हे प्रमाण एक टक्काही भरत नाही. बैठकीत हे दोन आकडे शेजारी ठेवले की सोलापूर ‘मागे पडलेला’ जिल्हा दिसतो आणि त्याला मोठे उद्दिष्ट मिळते. सोलापुरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, खाली मुरूम आणि काळा पत्थर आहे, आणि तिथली मूळ निसर्गसंपत्ती गवत आणि काटेरी झुडपांची आहे, हे त्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

१ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटी रोपांचा संकल्प झाला. पुढच्या वर्षी चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. त्या काळात गावोगावी, शाळाशाळांत जो उत्साह दिसला तो खरा होता, आणि त्याचे श्रेय खात्याला द्यायलाच हवे. पण कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब करून पाहू. हेक्टरी ११०० रोपे या नेहमीच्या दाटीने तेहतीस कोटी रोपे लावायची तर तीन लाख हेक्टर जमीन लागते. तीन लाख हेक्टर म्हणजे तीन हजार चौरस किलोमीटर. राज्याच्या एकूण भूभागाचा जवळजवळ एक टक्का, तोही एकाच पावसाळ्यात. एवढी मोकळी, मालकीचा वाद नसलेली, खोल मातीची आणि पाण्याची जमीन सरकारकडे आहे कुठे? शेतजमीन शेतकरी देत नाही, शहरात जागा नाही. मग उद्दिष्ट गाठण्यासाठी उरते ते गायरान, माळ, डोंगरउतार, सडे (म्हणजे उघड्या कातळाची पठारे), आणि जंगलातल्याच मोकळ्या जागा. आकडा आधी ठरतो आणि जमीन मागून शोधली जाते. घोळ इथे सुरू होतो.

वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालात राज्याचे वनाच्छादन सुमारे ५०,७७८ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ५०,७९८. वाढ वीस चौरस किलोमीटरची. लहान रोपे उपग्रहाच्या चित्रात दिसायला काही वर्षे जातात, त्यामुळे या एका आकड्यावरून मोहीम फसली असा निकाल मी देणार नाही. शिवाय ही मोजणी कशाला वन म्हणते तेही लक्षात ठेवायला हवे: एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची दाटी दहा टक्के किंवा अधिक असली की झाले. मालकी कोणाचीही असो, झाड कोणतेही असो. आमराई त्यात येते, काजूची बागही येते. म्हणजे कोकणातले ऐन-किंजळाचे रान तोडून तिथे काजू लावला, तर काही वर्षांनी सरकारी आकडा होता तिथेच परत येतो. एवढ्या ढोबळ मापाने धोरण हाकता येत नाही.

आता माळाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते आहे आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

माळ म्हणजे झाडे तोडून उजाड झालेली जमीन, अशी एक समजूत सरकारी कागदात खोल रुतून बसली आहे. इंग्रजांच्या महसुली पद्धतीत ज्या जमिनीतून सारा येत नव्हता ती पडीक ठरली, आणि आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ प्रदेश आणि झुडपी राने त्याच यादीत सापडतात. पडीक म्हटले की तिथे काहीही केले तरी ती सुधारणाच वाटते. प्रत्यक्षात आपल्या पठारावरचे बरेचसे माळ फार जुने आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, अधूनमधून बोर, हिवर, खैर, आणि त्यावर जगणारे काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा, तणमोर. माळढोक पक्षी जमिनीवर, उघड्यावर, एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला अभयारण्य झाले ते १९७९ मध्ये. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते. त्याला अनेक कारणे आहेत, पण मोकळ्या गवताळ माळांचे तुकडे होत जाणे हे त्यातले मोठे कारण आहे, आणि वनीकरणाच्या रांगाही त्या तुकड्यांत भर घालतात.

पर्जन्यछायेतल्या एका तालुक्यातला असा एक माळ मी यंत्रे येण्यापूर्वी आणि नंतरही पाहिला आहे. आधी तिथे गुडघाभर पवन्या होता आणि दसऱ्यानंतर तो तांबूस होऊन वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकायचा. मग उतारावर यंत्राने सलग समतल चर काढले गेले. चराच्या वरच्या अंगाला गवताचे ठोंब मुळासकट उपटले गेले, खालच्या अंगाला निघालेला मुरूम उरलेल्या गवतावर पसरला. चराच्या बांधावर गिरिपुष्पाची रोपे लागली. गिरिपुष्प हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे झाड. शेळ्या-मेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, ते फांदीपासूनही येते, त्यामुळे जगण्याची टक्केवारी उत्तम लागते. चार वर्षांनी तिथे गेलो तेव्हा रांगा हिरव्या होत्या आणि रांगांखाली गवताची काडी नव्हती. ज्या मोकळ्या खडकाळ पट्ट्यात धाविक पक्षी दगडांच्या रंगाची अंडी घालायचा, तिथे आता चर होता. दर उन्हाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या मेंढपाळांनी वाट बदलली होती, कारण लागवड झाली की चराईबंदी आली. सरकारी नोंदीत ही लागवड यशस्वी आहे. निकष पाहता ती यशस्वीच म्हणावी लागेल.

असे एकच उदाहरण असते तर मी पत्र लिहिले नसते. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाचे पट्टेच्या पट्टे कोणीही चालत जाऊन पाहू शकतो. कोकणात ऐंशीच्या दशकातल्या सामाजिक वनीकरणाने ऑस्ट्रेलियन बाभळीच्या राया उभ्या केल्या. कोणत्याही रस्त्याने जा, निलगिरी आणि सुबाभूळ आहेतच. या सगळ्या निवडींमागे एकच तर्क आहे: लवकर वाढणारे, गुरे न खाणारे, देखभाल न मागणारे झाड. देखभालीला पैसे नसले की हाच तर्क शिल्लक राहतो, त्यामुळे प्रजाती निवडणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. दोष उद्दिष्टाचा आहे.

गवताच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, आणि हवामानबदलाच्या नावाखाली लागवड करणाऱ्यांनी तो ऐकलाच पाहिजे. गवताळ प्रदेशातला बहुतेक कर्ब जमिनीच्या खाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा वरचे पाते जाळतो, खालचा साठा तसाच राहतो. तिथे जेसीबी लावून माती उलथली की वर्षानुवर्षे साठलेला कर्ब आपणच मोकळा करतो, आणि बदल्यात अशी झाडे लावतो जी दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी वाळतील. केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडांचा निकष होता आणि विरळ वने, झुडपी राने, पडीक जमिनी यांवर लागवड अपेक्षित होती. या नियमांत पुढे बदल झाले, पण विचाराची दिशा तीच आहे: मोकळे दिसेल तिथे झाड. राज्याने आपल्या माळांपुरती तरी ही दिशा नाकारावी. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचे गवताळ रान खात्यानेच राखले आहे आणि लोक ते पाहायला जातात. म्हणजे खात्याला हे कळत नाही असे नाही. जे एका ठिकाणी कळते ते तालुक्याच्या उद्दिष्टपत्रकात उतरत नाही, एवढेच.

कास आणि कोकणातल्या सड्यांबद्दल थोडक्यात. एप्रिलमध्ये हे सडे काळे ठिक्कर, रिकामे दिसतात. पावसाळ्यात त्याच कातळावर वीतभर उंचीच्या वनस्पतींचे गालिचे येतात, ज्यातल्या काही जगात इतरत्र कुठेच नाहीत. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत गेले म्हणून वाचले. बाकीच्या सड्यांना ते संरक्षण नाही. तिथे एकही खड्डा खणू नये, एवढेच पुरे.

मग झाडे लावायचीच नाहीत का? लावायची, जिथे पूर्वी रान होते आणि पुन्हा येऊ शकते तिथे. पण तिथेही पहिला प्रश्न लावण्याचा नसावा. सह्याद्रीत आणि विदर्भात तोडलेल्या, जळालेल्या, चरून बोडक्या झालेल्या उतारांवर जमिनीखाली जुन्या झाडांचे ठोंब जिवंत असतात. ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, विदर्भात साग, धावडा, तेंदू. वणवा थांबला, कुऱ्हाड थांबली आणि काही वर्षे गुरे बाहेर ठेवली, की एकेका ठोंबातून दहा-दहा फुटवे वर येतात. त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढले तर पाच-सहा वर्षांत डोक्यावर जाणारे रान उभे राहते. त्याची मुळे आधीच खडकात खोलवर गेलेली असतात, त्यामुळे त्याला पाणी घालावे लागत नाही. रोपवाटिकेतले कोणतेही रोप त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही. पण या कामात लावलेल्या रोपांची संख्या शून्य येते. ज्या वनरक्षकाने असा उतार पाच वर्षे राखला, त्याच्या अहवालात दाखवायला काहीच नसते. शेजारच्या बीटात, म्हणजे दुसऱ्या वनरक्षकाच्या हद्दीत, ज्याने त्याच ठोंबांमधून खड्डे खणून पाच हजार रोपे लावली, त्याचे काम मात्र उठून दिसते. खड्डे खणताना जुने ठोंब उखडले गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. हे थांबवायचे तर राखलेल्या क्षेत्राला लागवडीइतकाच, किंबहुना जास्त, मान आणि निधी द्यावा लागेल.

राखल्याने काय होते याचे पुरावे आपल्याच राज्यात जागोजागी आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या देवराया शेकडो वर्षे टिकल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूला नाहीशी झालेली झाडे आणि महावेली तिथे उभ्या होत्या. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवून पाळली, आणि डोंगर हिरवा झाल्यावर गवत कापून नेण्याची सोय ठेवली. बंदी गावाने ठरवली म्हणून टिकली. वरून आलेल्या बंदीची तार तिसऱ्या महिन्यात तुटते, हे आपल्या प्रत्येक वनरक्षकाला ठाऊक आहे.

जिथे रोप लावावेच लागते, म्हणजे खाणीनंतरची जमीन, गाळपेर संपलेले काठ, पूर्ण खरवडलेले उतार, शेताचे बांध, रस्ते, गावठाण, तिथे ते नीट लावा. पिशवीत दीड-दोन वर्षे राहिलेले रोप वरून डौलदार दिसते. पिशवी फाडली की मुळे तळाशी गोल वेटोळे घालून बसलेली दिसतात. ते वेटोळे तसेच मातीत गेले तर मुळे बाहेर पसरत नाहीत. झाड दोन-तीन वर्षे हिरवे राहते आणि मग एखाद्या वळवाच्या वादळात आडवे होते, किंवा वाढच खुंटते. लावणाऱ्याने पिशवीचा तळ कापायचा, वेटोळे पात्याने छाटायचे, मुळे मोकळी करायची, खड्ड्यात आधी वरची चांगली माती घालायची आणि मुरूम वर ठेवायचा. एका रोपाला दोन-तीन मिनिटे लागतात. एका दिवसात दहा हजार रोपे लावायची म्हटल्यावर ती मिनिटे कोणाकडेच नसतात, आणि पिशवीसकट पुरलेली रोपे पुढच्या उन्हाळ्यात उकरून पाहणाऱ्याला सापडतात. तालुक्याचे उद्दिष्ट दहा पटींनी कमी करा आणि प्रत्येक रोपाला ही मिनिटे द्या.

त्यानंतरची वर्षे त्याहून महत्त्वाची. निंदणी, आळी करणे, नांग्या भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे), जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे), उन्हाळ्यात राखणदार. रोजगार हमीतून होणाऱ्या लागवडीत देखभालीचा काळ साधारण तीन वर्षांचा असतो. आंबा, जांभूळ, मोह, हिरडा यांसारख्या झाडाला तीन वर्षे म्हणजे अजून शेळीच्या उंचीत असण्याचा काळ. नेमक्या त्या वेळी मजुरी बंद होते. राखणदार हे बहुधा गावातलेच वयस्क पुरुष किंवा बायका असतात. त्यांची मजुरी महिनोन्महिने थकते आणि तरी त्यातले अनेकजण सकाळी हंडा घेऊन रोपांकडे जातात. त्यांच्या जिवावर आपली टक्केवारी उभी आहे. त्यांचे पैसे दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला मिळावेत आणि देखभाल किमान सात वर्षांची असावी. त्यासाठी लागवडीचा एकूण आकडा निम्म्यावर आणावा लागला तरी आणावा.

लागवडीवर भर देऊन काय हाती लागते, याचा एक मोठा अभ्यास हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येक दशकांच्या सरकारी लागवडींनी तिथे जंगलाचे छत्र वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट लोकांना चाऱ्याला आणि सरपणाला उपयोगी पडणाऱ्या रुंद पानांच्या झाडांचे प्रमाण घटले. हिमालय वेगळा, सह्याद्री वेगळा, हे खरे. पण असा अभ्यास आपण आपल्या लागवडींचा करू धजलो आहोत का? दहा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक लागवडीच्या कक्षात जाऊन, गावकऱ्यांना आणि महाविद्यालयांतल्या वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, आज तिथे काय उभे आहे हे मोजायला फार खर्च येणार नाही. निकाल वाईट आला तरी तो जाहीर करा. लोक समजून घेतील.

आता जंगल सांभाळण्याच्या अधिकाराबद्दल. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. त्या गावाने बांबूवर भर दिला आणि तेंदूपानाची तोड बंद केली, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि रानाला आग लावली जाते. हाती येणारा पैसा सोडून एका गावाने आग थांबवली. वणव्याविरुद्धच्या कोणत्याही मोहिमेला मिळाले नसेल असे हे यश आहे, आणि त्यात एकही रोप लावलेले नाही.

जंगलाच्या व्यवस्थापनातले खरे काम असेच असते. बांबूच्या बेटातून जुने बांबू काढून कोवळे राखणे, दाट सागाची विरळणी, घाणेरी आणि रानमोडी ही माजलेली परदेशी झुडपे मुळासकट काढून तिथे गवत आणि देशी झाडोरा येऊ देणे, जाळरेषा वेळेत साफ करणे, मोहाच्या झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून घेणे. यातले कोणतेही काम फोटोत उठून दिसत नाही. यातले प्रत्येक काम स्थानिक माणसाला पिढ्यान्‌पिढ्या येते. आज गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत, पण त्यातल्या कितींना स्वतःचा व्यवस्थापन आराखडा करायला तांत्रिक मदत आणि निधी मिळतो? खात्याची कार्य आयोजना एकीकडे आणि ग्रामसभेचा आराखडा दुसरीकडे, आणि एकाच कक्षात दोघांचे वेगवेगळे बेत, असा प्रकार होऊ देऊ नका. जिथे हक्क मान्य झाला आहे तिथे ग्रामसभेचा आराखडा हाच आराखडा असावा आणि खात्याने सल्ल्याची, प्रशिक्षणाची, मोजणीची जबाबदारी घ्यावी. हक्काच्या जमिनीवर ग्रामसभेला न विचारता भरपाईची लागवड तर कधीच होऊ नये.

भरपाईवरून आठवले. धरण, रस्ता, खाण यांसाठी जंगल गेले की बदल्यात वनीकरण करायचे, त्याचा पैसा स्वतंत्र निधीत ठेवायचा आणि त्यासाठी २०१६ चा कायदा. महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये देशभरातल्या या व्यवस्थेचा २००६ ते २०१२ चा हिशेब मांडला होता: एक लाख तीन हजार हेक्टरांहून अधिक पर्यायी जमीन मिळायला हवी होती, मिळाली सुमारे अठ्ठावीस हजार हेक्टर, आणि वनीकरण झाले ते जेमतेम सव्वासात हजार हेक्टरांवर. आता कायदा आहे, निधी वाहतो आहे. प्रश्न तो कुठे खर्च होतो हा आहे. विदर्भातले शेकडो वर्षांचे मिश्र जंगल तोडायचे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या माळावर रोपे लावून हिशेब पूर्ण झाला म्हणायचे, यात दोन्हीकडे तोटा होतो. ही रक्कम तोडलेल्या जंगलाच्या लगतच, त्याच खोऱ्यातल्या बिघडलेल्या रानाच्या राखणीवर आणि ज्यांचे रान गेले त्या गावांच्या ग्रामसभांमार्फत खर्च व्हावी.

शहरांपुरते एकच सांगतो. मियावाकी पद्धतीची दाट वने छोट्या रिकाम्या भूखंडावर, कारखान्याच्या आवारात, शाळेच्या कोपऱ्यात चांगली आहेत. डोंगरावर किंवा गायरानात ती नकोत, आणि जुना वड-पिंपळ तोडण्याची परवानगी देताना भरपाई म्हणून तर मुळीच नकोत.

कोकणातल्या खासगी रानांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेचसे जंगल लोकांच्या मालकीचे आहे. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, आख्खा डोंगर सरसकट तोडून लाकूड सरपणाला आणि कोळशाला जाते, मालकाच्या हाती थोडी रक्कम पडते. पुढे रान फुटून परत येते, पण दर खेपेला थोडे खुजे, थोडे विरळ. आणि अलीकडे ते परत यायच्या आत तिथे यंत्राने सपाटीकरण होते. या मालकाला सरकार काजू लावायला अनुदान देते. रान राखायला काहीच देत नाही. जो शेतकरी आपले एकर-दोन एकर रान वीस वर्षे न तोडण्याचे लिहून देईल, त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम द्या. निवडक तोडीची मुभा ठेवा, म्हणजे घरच्या वाशा-पाटीची गरज भागेल. एका तालुक्यात प्रयोग करून पाहा. कोकणातले लोक हिशेबाला पक्के आहेत. रानातून तोडीइतके पैसे राखूनही मिळतात असे दिसले, तर कुऱ्हाड ते स्वतःच खाली ठेवतील.

आपल्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. एका वनरक्षकाच्या वाट्याला कित्येक किलोमीटर पसरलेला बीट असतो. वणवा, शिकार, अतिक्रमण, बिबट्या गावात आला की पिंजरा, आणि वर रोपांची ऑनलाइन माहिती भरणे. रात्री दोन वाजता ओल्या फांद्यांनी आग झोडपणारी ही मुले-मुली मी पाहिली आहेत. त्यांच्या गोपनीय अहवालात लागवडीच्या आकड्याऐवजी न जळलेले क्षेत्र, फुटवा आलेले क्षेत्र, गवताचे उत्पादन आणि ग्रामसभेचा अभिप्राय यांना जागा द्या. फिल्डवरचे लोक कागदावर जे मोजले जाते तेच करतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

हे सगळे एका वर्षात होणार नाही, हे मला मान्य आहे. यंदा तीन गोष्टी मात्र नक्की करता येतील. प्रत्येक जिल्ह्यातले गवताळ माळ आणि सडे यांची यादी करून तिथली लागवड आणि यंत्राने चर काढणे थांबवण्याचा आदेश काढा. गेल्या वर्षी आणि त्याआधी लावलेल्या रोपांच्या राखणदारांची थकलेली मजुरी पावसाआधी चुकती करा. आणि यंदा आमच्या गावाच्या शिवारात कुठे, कोणत्या गटात, कोणती रोपे, किती, आणि पुढची सात वर्षे कोण सांभाळणार, हे नकाशासह मराठीत लिहून १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवा. जी जागा ग्रामसभा नाकारील ती वगळा, आणि त्या जागेपोटी तालुक्याचे उद्दिष्ट तेवढे कमी केल्याचे लेखी कळवा.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे, लोभ असावा,
माळरानांवर प्रेम करणारा एक नागरिक